चारचं पाणी

ये, हे वाचताना तरी माझ्या जवळ येऊन बसल्यासारखी बस, आणि तो फोन आधी पालथा ठेव. दर रविवारी तू मला तेच विचारतेस, "आजी, आता चोवीस तास पाणी, मजा आहे ना?" आणि मी तोंड उघडायच्या आत तुला दुसरा कोणाचा तरी फोन येतो. नातीला आजीचं अर्धं वाक्यही पुरतं, असं दिसतंय. तर मजा आहे की नाही ते आज पूर्ण सांगते. फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. माझी शाळा सातवीतच संपली, तेव्हा ऱ्हस्वदीर्घाला हसायचं नाही.

तुझ्या आजोबांची बँकेतून बदली झाली म्हणून आम्ही कलकत्त्याला आलो, आणि परत जायचं राहूनच गेलं. बेहाला भागातलं हे तळमजल्याचं घर तू पाहिलंयस. तेव्हा पाणी दिवसातून तीनदा यायचं. सकाळचं धुण्याभांड्याला, दुपारी बाराचं असून नसल्यासारखं, आणि चारचं प्यायला. चारच्या पाण्याला गढूळपणा कमी असायचा.

माझ्या आईची शिस्त मी इथवर आणली होती. ताजं पाणी यायचं म्हटलं की कालचं ते शिळं. ते तुळशीला आणि पायरीवर ओतायचं, हंडा-कळशी चिंचेने घासायची, आणि सगळं रिकामं करून नळाशी मांडायचं. म्हणजे साडेतीन ते चार या अर्ध्या तासात आमच्या घरात घोटभरही प्यायचं पाणी नसायचं. चारचं चुकलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत घसा कोरडा. वरच्या मजल्यावरच्या बंगाली बाई हसायच्या. "दिदी, पाणी कधी शिळं होतं का? भात आहे का तो?"

मी म्हणायची, "तुम्ही तर भातही रात्रभर पाण्यात ठेवून खाता, तुम्हाला काय कळणार."

पाणी यायच्या आधी नळ सूं सूं करायचा, मग दोनदा खोकायचा, मग लालसर गुळणी टाकायचा. ती वाहू द्यायची आणि फडकं बांधून हंडा लावायचा.

त्या दिवशी जेवताना आजोबा म्हणाले, छातीत जळजळतंय. मी ओवा दिला. ते आतल्या खोलीत आडवे झाले. चारला नळ खोकला. हंडा अर्धा भरला होता तेव्हा आतून हाक आली, "अगं." मोठ्याने नाही. चष्मा सापडत नसला की मारायचे तशी.

मी म्हटलं, "थांबा, पाणी जाईल."

थोड्या वेळाने परत, "अगं, ऐक ना."

मी म्हटलं, "हो, ऐकतेय. एवढं भरू दे." आणि मनात म्हटलं, यांना नेमकं आत्ताच सुचतं.

वरच्यांचा पंप चालू होता, त्यामुळे धार करंगळीएवढी. हंडा भरला, कळशी भरली, दोन बादल्या भरल्या. शेवटी नळ ठिबकायला लागला, तर ते ठिबकणंसुद्धा मी तांब्यात धरलं. मग पदराला हात पुसत आत गेले.

तुम्हा सगळ्यांना मी सांगितलं, आजोबा झोपेत गेले. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल, आणि मी मान हलवली. संध्याकाळी माणसं जमली, त्यांना त्याच हंड्यातलं पाणी दिलं. वरच्या बाई म्हणाल्या, "नशीब दिदी, तुम्ही भरून ठेवलं होतं."

त्यानंतर रोज चारला, नळ सूं सूं करायला लागला की आतून हाक यायची. मी घाबरले नाही गं. "आले, आले" म्हणायची आणि भरत राहायची. पाणी गेलं की हाकही जायची. आणि मला एक आधार होता. पाणी जाणारच होतं, माझ्या जागी कोणीही तेच केलं असतं. त्यावर मी इतकी वर्षं काढली.

मग गल्ली खणली. दाराशी फळी टाकून ये-जा, शेजारचं लेथचं वर्कशॉप महिनाभर बंद, मासेवाला कोपऱ्यावरूनच ओरडायचा. निळे पाइप आले. मीटर बसवणारा माणूस मला म्हणाला, "माशीमा," म्हणजे इकडची मावशी, "आता साठवत बसू नका. पाणी आता कुठेही जाणार नाही." वरच्या बाईंनी गल्लीत संदेश वाटला, ती इकडची छेन्याची मिठाई. मी संदेश हातात धरून नुसती उभी.

तेव्हा पाणी जाणारं होतं, आता नाही, एवढं मलाही कळतं गं. पण उभ्या दिवसात कधीही नळ सोडला तरी धार सरळ येते, आणि माझा आधार काढून घेते. काय घाई होती, असं विचारते.

मला वाटलं, नळाचा खोकला गेला, आता हाकही जाईल. पहिल्या दिवशी चारला मी सवयीने हंडा घासून बसले. सगळं शांत. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी वांगी चिरत होते, आणि आतून, "अगं."

आता हाकेला ठरलेली वेळ राहिलेली नाही. चहा गाळताना येते, कपडे वाळत घालताना येते. आणि आता मी थांबा म्हणत नाही. हातातलं टाकून उठते. दूध दोनदा उतू गेलं. खोलीच्या दारात उभी राहून विचारते, "काय हो, काय म्हणत होतात?" आत पलंग, घडी घातलेली चादर आणि पंखा.

परवा वरच्या बाईंनी ऐकलं. "दिदी, कोणाशी बोलता?"

"नातीशी, फोनवर."

माझा फोन त्यांच्या समोर फळीवर होता. हल्ली त्या दुपारी आपला चहाचा पेला घेऊन खाली येतात आणि नेमक्या त्या दाराकडे तोंड करून बसतात.

हे तुझ्या बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव. मला मात्र "आजी, तुझी काही चूक नव्हती" असं लिहू नकोस. ते मला माझंच सांगता येतं, आणि टिकत नाही. दिवाळीपर्यंत रजेची वाट बघू नकोस, चार दिवस मिळाले तरी निघ. तुझी गादी मी त्या आतल्या खोलीतच घालणार आहे. मी उठून दारात येईन तेव्हा आत कोणीतरी असू दे. लवकर ये.