नऊ घासांएवढा वेळ

झुंबर शेजवळ एका कोरियन बाईच्या नादी लागलेत, ही बातमी आमच्या इमारतीत मीच पसरवली. चूक झाली, कबूल करतो. बाई कोरियन नव्हती, आपल्या नाशिकरोडची निघाली. आणि नादही निराळाच होता. पण बायको जाऊन वर्षही झालेलं नसताना अडुसष्ट वर्षांचा माणूस दर शनिवारी दुपारी तीनला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशाला पेन लावून बसस्टॉपवर उभा राहू लागला, तर शेजाऱ्यानं समजायचं तरी काय?

झुंबरतात्या माझ्या समोरच्या दारात राहतात. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं त्यांनी रिव्हेट मारले. पत्र्यावर पत्रा ठेवायचा, एकानं पुढून बंदूक दाबायची, दुसऱ्यानं मागून लोखंडी ठोकळा धरायचा. त्या आवाजात त्यांचे कान गेले. त्यामुळे तात्या बोलतात ते ओरडून, आणि फोन कायम स्पीकरवर. आमची गॅलरी सामायिक आहे. त्यांच्या घरातलं काही जाणून घ्यायला मला कधी कष्ट पडले नाहीत.

शेवटी न राहवून मी एका शनिवारी बसस्टॉपवर त्यांना गाठलंच.

“काय तात्या, मुलगी बघायला का?”

“इद्यापीठात चाललो,” तात्या ओरडले. अख्खा स्टॉप वळून बघू लागला. “कोरियाचा इतिहास आणि संस्कृती. जाहीर व्याख्यानं हायेत.”

“तुमचं काय हो अडलंय कोरियाशी?”

“कायच नाय. पेपरात आलं होतं, सर्वांसाठी खुले. सर्वांसाठी म्हणलंय ना? मग आपण त्याच्यात आलोच की.”

ज्या माणसाच्या आज्याला गावच्या चावडीत पायरीखाली बसावं लागत होतं, त्याला ‘सर्वांसाठी खुले’ असं छापलेलं वाचून विषय कोणता हे बघायची गरज वाटत नाही.

तिथली मजा त्यांनीच सांगितली. पहिल्या शनिवारी सभागृह भरलं होतं. कॉलेजच्या मुली कोरियन गाणारी पोरं छातीवर छापलेले टीशर्ट घालून आल्या होत्या. दुसऱ्या शनिवारी जुन्या राजवटीतली शेतजमिनीची मोजणी हा विषय निघाला आणि मुली गेल्या त्या गेल्याच. उरले विभागातले चार विद्यार्थी, ज्यांना हजेरी सक्तीची होती, आणि तात्या. हजेरीच्या कागदावर ‘संस्था’ म्हणून एक रकाना होता. तात्यांनी त्यात लिहिलं: नागरिक. दर वेळी ‘नागरिक’ म्हणून एकच नाव. व्याख्यान देणारी तेजल मॅडम, नाशिकरोडचीच, आठ वर्षं कोरियात सोलला राहून आलेली पस्तिशीची पोर, एकदा हसून त्यांना म्हणाली, “काका, तुम्ही आजारी पडू नका हं. तुम्ही नाही आलात तर आमचं व्याख्यान जाहीर राहत नाही.”

तात्यांनी हे वाक्य मला तीन वेळा सांगितलं. वर्षभरात त्यांची गरज कुणाला आहे असं दुसऱ्या कुणी त्यांना म्हटलंच नव्हतं. चैताली, त्यांची एकुलती मुलगी, बडोद्याला शाळेत शिकवते. आठवड्याला फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते. सकाळ-संध्याकाळ डबेवाली दाराच्या कडीला डबा अडकवते, बेल वाजवते आणि तात्या उठून येईपर्यंत खाली पोहोचलेली असते. कान गेलेल्या माणसाला बेल ऐकू येते हेच विशेष. मला तर वाटतं ते अर्धा तास आधीपासून दाराशी कान लावून बसत असावेत.

जानेवारीच्या अखेरच्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. ‘नागरिक’ म्हणून दोन नावं झाली म्हणून मॅडमनं मला चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त दिली. त्या दिवशीचा विषय होता कोरियन घरांतलं पितरांचं ताट. त्याला तिकडे जेसा म्हणतात. माणूस ज्या तिथीला गेला त्या दिवशी घरचे त्याच्यासाठी पान वाढतात. घराचं दार जरा उघडं ठेवायचं, आत यायला. भातात चमचा उभा खोचायचा. मग सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं आणि खोलीचं दार लोटून घ्यायचं. जेवणाऱ्याकडे टक लावून बघणं बरं नाही ना.

“आणि किती वेळ बाहेर थांबायचं?” तात्यांनी हात वर न करताच विचारलं.

“नऊ घास खायला लागतो तेवढा वेळ, काका. मग घरातला मोठा माणूस दाराबाहेर तीनदा खाकरतो. म्हणजे आता आम्ही आत येतोय. आणि मग तेच जेवण सगळे मिळून जेवतात. एक आहे, त्या स्वयंपाकात लसूण आणि लाल मिरची घालत नाहीत. त्यानं आत्मा लांब पळतो म्हणे.”

“मग आमच्यातली एकबी बाई मेल्यावर घरी यायची नाय!” तात्या ओरडले. विद्यार्थी हसले. मॅडम तर खुर्चीत बसून हसली.

मीही हसलो. पण तात्यांनी खिशाचं पेन काढून वहीत ‘नऊ घास, तीनदा खाकरणे’ असं लिहून घेतलं, तेव्हा माझं हसू जरा कमी झालं. त्यांच्या बायकोचं, तानुबाईंचं वर्षश्राद्ध, म्हणजे त्यांच्या भाषेत प्रथम पुण्यस्मरण, दोन आठवड्यांवर आलं होतं.

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तात्यांची अडचण कळायची नाही. झुंबरतात्या आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहाराचे सचिव. त्यांच्या वडिलांनी धर्मांतराच्या वर्षी दीक्षा घेतलेली. श्राद्धपक्ष नाही, पिंडदान नाही, हे तात्यांच्या घरात पोर बोलायला लागलं की शिकवतात. अख्खा देश ज्या गावात पिंडदानाला येतो त्या गावात राहून तात्या आयुष्यात एकदाही त्या कामासाठी रामकुंडाकडे फिरकले नाहीत, आणि हे ते अभिमानानं सांगतात. वरच्या मजल्यावरचा पुंजाराम केदारे, सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो, त्याची आई गेली तेव्हा त्यानं गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवलं होतं. तात्या गच्चीवर गेले आणि सगळ्यांसमोर त्याला ते उचलायला लावलं. “बाबासाहेबांनी आपल्याला कशातून बाहेर काढलं, इसरला का रे?” पुंजारामनं मुकाट्यानं पान उचललं. त्याला आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून जिन्यात तो तात्यांना जय भीम घालतो, पण थांबत नाही.

आणि आता याच तात्यांना तानुबाईंसाठी पान वाढायचं होतं.

व्याख्यान संपल्यावर त्यांनी मॅडमला गाठलं. “मॅडम, हे पान वाढणं, हे बौद्ध माणसाला चालतं का?”

“कोरियात काही बौद्ध मंदिरांतही करतात, काका. ख्रिस्ती घरांत मात्र यावरून भांडणं होतात. भाऊ-भाऊ बोलायचे थांबतात. काही जण पान वाढतात आणि त्याला नुसती आठवण म्हणतात.”

“म्हणजे नाव बदललं की चालतं?”

“ते मी कसं सांगू?” पोरगी गंभीर झाली. “कोणासाठी विचारताय काका?”

“माहितीसाठी,” तात्या म्हणाले आणि चपला घालू लागले.

बसमध्ये मी त्यांना छेडलं. “काय तात्या, कोरियन पद्धतीनं श्राद्ध घालता का?”

“श्राद्ध नाय ते!” पुढच्या दोन सीटा दचकल्या. मग त्यांनी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, म्हणजे फक्त अर्ध्या बसला ऐकू गेलं. “अहो, एकेचाळीस वर्षं संसार केला. माझी शिफ्ट. मी आलो की ती वाढायची, मी जेवायचो, झोपायचो. तिच्यासोबत मी जेवलोच नाय कधी. लग्नाकार्यात बाया वेगळ्या पंगतीला. आपल्याला आत्माबित्मा काय नाय पटत. पण त्या मॅडम म्हणल्या ना, मग सगळे मिळून जेवतात... तेवढंच करायचं हाय मला.”

मी पुढं काही विनोद केला नाही. मला कंडक्टरही ओळखतो, त्यालाही नवल वाटलं.

दोन आठवडे तात्या गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. पान वाढावं तर सचिवाचं तोंड कुठे राहिलं? न वाढावं तर वर्षाचा दिवस निघून जातो. गुपचूप करता आलं असतं, पण गुपचूप काही करणं तात्यांच्या आवाजाला जमत नाही. शेवटी आदल्या संध्याकाळी ते जिना चढून पुंजारामच्या दारात उभे राहिले. मी माझ्या दारात उभा राहिलो. वरचं खाली नीट ऐकू येतं.

“पुंजाराम, उद्या मी तानुबाईचं पान वाढणार हाय. तुला सांगून वाढतो.”

पुंजारामनं आधी आतला टीव्ही बंद केला. मग म्हणाला, “माझ्या आईचं तुम्ही उचलायला लावलं होतं, तात्या.”

“हो.”

“कावळा येतो का नाय, मला काय घेणं नव्हतं. तिला वांग्याचं भरीत लय आवडायचं. केलं होतं, खाणारं कुणी नव्हतं, म्हणून नेऊन ठेवलं. ते नालीत टाकलं मी.”

“माझं चुकलं.”

हे तात्या ओरडले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचं बोलणं ऐकायला कान द्यावा लागला.

“वाढा,” पुंजाराम म्हणाला. “मी कुणाला सांगत नाय.” दहा मिनिटांनी तो खाली येऊन मला सगळं सांगून गेला. बिचाऱ्याला काय माहीत, मला पाठ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात सगळं रीतसर झालं. त्रिशरण, पंचशील, तानुबाईंच्या फोटोला पांढरा हार, दोघांची भाषणं, खीर. चैतालीच्या शाळेत परीक्षा, तिला सुट्टी मिळाली नाही. साडेबारापर्यंत मंडळी पांगली आणि तात्या हातात फोटो घेऊन एकटेच जिना चढून आले.

एक वाजता त्यांनी पान वाढलं. बाजरीची भाकरी डबेवालीकडून सांगून मागवली होती. सुकट त्यांनी स्वतः भाजली, खोकत खोकत, आणि तिच्यात लसूण-मिरची दाबून घातली. “ती बिनलसणाचं जेवायची नाय, कोरियाला काय समजतं,” असं स्वतःशीच म्हणाले, म्हणजे मला ऐकू आलं. डब्यातल्या भातात चमचा खोचला नाही. तानुबाईंनी आयुष्यात चमच्यानं औषधाशिवाय काही घेतलं नव्हतं. टेबलापाशी खुर्ची ओढून ठेवली, तीही तात्यांची स्वतःची, पंख्याखालची. हात धुवायला तांब्या ठेवला. मग बाहेर येऊन दार लोटून घेतलं, बोटभर फट ठेवून, आणि गॅलरीच्या कठड्याला पाठ लावून उभे राहिले.

मी दारात होतोच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण मला जा म्हणाले नाहीत.

त्यांचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन. नऊ झाले. मग पुन्हा पहिल्यापासून. मग थांबले.

“कारखान्यात आम्ही वीस मिनिटांत जेवून हात धुवायचो,” ते मला म्हणाले. “नऊ घास म्हणजे माझे तीन मिनिट. पण तिचे किती?”

“बायका सावकाश जेवतात, तात्या.”

“तुम्ही बघितलं का तिला जेवताना?”

“मी कशाला बघेन?”

“मीबी नाय बघितलं,” तात्या म्हणाले.

ते कठड्यापासून हलेनात. आत जावं तर ती अर्ध्या जेवणावरून उठायची, थांबावं तर किती. सुकटीवर एक माशी बसली असावी, दाराच्या फटीतून ते तिला हुसकायला हात हलवत होते, पण दार उघडत नव्हते. शेवटी त्यांनी खिशातून फोन काढला आणि चैतालीला लावला. स्पीकरवर.

“बाबा? विहारातलं झालं नीट? जेवलात का?”

“नाय अजून. एक सांग चैताली. तुझ्या आईला जेवायला किती वेळ लागायचा?”

“काय?”

“किती वेळ लागायचा, म्हणलं! जेवायला! सावकाश जेवायची का पटपट?”

तिकडून शाळेची घंटा ऐकू आली. मग पोरीचा आवाज, एकदम लहान झालेला. “आई बसून कुठं जेवायची, बाबा. ओट्यापाशी उभ्यानंच जेवायची. तुमचं ताट घासायला घ्यायच्या आधी. हातावरच भाकरी घ्यायची.”

“रोज?”

“रोजच. तुम्हाला माहीत नव्हतं?”

“मी झोपलेलो असायचो,” तात्या म्हणाले.

“बाबा, रडताय का? मी सुट्टीत येते ना, बाबा...”

“ये. ठेव आता. पोरं वाट बघत असतील.”

फोन खिशात टाकून ते दाराकडे वळले. मग तीनदा खाकरले. दार ढकलून आत गेले.

मला माझं दार लावून घ्यायला हवं होतं. लावलं नाही, खोटं कशाला बोलू. तात्यांनी टेबलावरचं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्या दारातून सरळ दिसणाऱ्या स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवलं. खुर्ची तशीच पंख्याखाली रिकामी राहिली. ओटा तानुबाईंनी स्वतःच्या उंचीला बांधून घेतला होता, चार फूट दहा इंचाच्या बाईला. तात्या सहा फुटांना दोन बोटं कमी. त्यांनी भाकरी मोडून तळहातावर घेतली, तिच्यावर सुकट ठेवली आणि वाकून जेवू लागले, डाव्या बाजूला एका माणसाची जागा सोडून. मिरची जास्त झाली होती. दर घासाला ते नाक पुसत होते आणि ओट्याच्या भिंतीला सांगत होते, “तिखट झालं गं. लय तिखट झालं.”