काळी चार आणि सोसायटीचा जनरेटर

पृथ्वी फिरते हे आमच्या आतोबांना मान्य आहे. ती नेमक्या वेगाने फिरते की नाही, हे मात्र एकदा कोणीतरी तपासून घ्यावं, असं त्यांचं मत आहे. खडकीच्या कारखान्यात जन्मभर यंत्रं सांभाळलेला हा माणूस निवृत्तीनंतर धायरीच्या फ्लॅटमध्ये एका बंद पडलेल्या हॉटेलातला जुना ऑर्गन घेऊन आला आणि आत्याचं जेवणाचं टेबल गॅलरीत गेलं. ते अजून तिथेच आहे. ऑर्गनला कोणी इलेक्ट्रॉनिक म्हटलं, तर आतोबा शांतपणे विचारतात, "आपण घरच्या मिक्सरलाही कॉम्प्युटर म्हणता का?" मग मागची फळी उघडते आणि पाहुण्याचा चहा गार होतो. आत एका मोटरवर दातेरी चकत्या फिरतात. प्रत्येकीसमोर तारेचं वेटोळं घातलेलं लोहचुंबक असतं. दाते पुढून सरकले की तारेत विजेचा कंप उठतो, तोच मोठा होऊन स्वर. वरच्या दांड्या कमीजास्त ओढल्या की त्यात आणखी वरचे स्वर मिसळतात आणि आवाजाचा रंग बदलतो. "आमटीच ही. प्रमाण जमलं पाहिजे."

"कालच्या आमटीत मीठ नव्हतं, ते नाही कळलं," आत्या आतून म्हणते.

मोटर विजेच्या चालीने चालते. सोसायटीचा जनरेटर जरा मंद, त्यामुळे वीज गेली की अख्खा ऑर्गन जवळजवळ अर्धा सूर उतरतो. आतोबांनी सेक्रेटरींना तीन पत्रं लिहिली: 'आपला जनरेटर बेसूर आहे. लिफ्टला चालत असेल, आम्हाला चालत नाही.'

आत्या चाळीस वर्षं काळी चारच्या पट्टीत गाते. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर तिला वरचा सा लागेना. आतोबा म्हणाले, पट्टी खाली घेऊ. "त्यापेक्षा गाणं सोडते," ती म्हणाली, आणि खरंच सोडलं. दोन महिने आतोबा एकटेच वाजवत होते. मला फार वाईट वाटायचं.

मग एका गुरुवारी दुपारी, दर गुरुवारी दुरुस्तीसाठी जाते तशी, वीज गेली, जनरेटर लागला. आतोबा काळी चारमध्येच वाजवत होते. मेथी निवडता निवडता आत्या गुणगुणू लागली आणि वरच्या 'सा'वर जाऊन अलगद टेकली. "बघ, आला की नाही आवाज? म्हणे पट्टी बदल," ती मला म्हणाली. मी तोंड उघडलं, तर आतोबांनी माझ्या पायावर पाय ठेवला. "आला," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात सेक्रेटरी मेकॅनिकला घेऊन आले. "राहू द्या हो," आतोबा म्हणाले, "चांगला चाललाय." तेव्हापासून दर गुरुवारी वीज गेली की आतोबा ऑर्गन लावायचे आणि आत्या गायची.

परवाच्या गुरुवारी वीज गेलीच नाही. आत्या तयार होऊन बसली. "लावा की."

"तेल घातलंय मोटरला. मुरायला दिवस लागतो," आतोबा म्हणाले. जन्मात खोटं न बोललेला माणूस. डोक्यावर पंखा अगदी नेमक्या वेगाने फिरत होता, आणि ते त्याच्याकडे रागाने बघत होते.