मामांचा शाकाहारी गळ

नागपुरातून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र यायला निदान एक रात्र गाडीत काढावी लागते, आणि ज्या थंड समुद्रात सॅमन नावाचा मासा सापडतो तो तर पृथ्वीच्या पार पलीकडे आहे. तरीही धक्क्यावर उभं राहून सॅमन पकडायला कोणतं सामान घ्यावं, या विषयात आमच्या हिच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या विदर्भात नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. काठी किती लांबीची, दोरा कोणत्या जातीचा, गळाचा आकार केवढा, आमिषाचा रंग कोणता, मामांना अर्धवट झोपेत विचारलं तरी उत्तर तयार. त्यांनी स्वतः उभ्या आयुष्यात एकही मासा पकडलेला नव्हता, ही गोष्ट त्यांच्या लेखी किरकोळ होती. मासा खाल्लेलाही नव्हता. धरमपेठेतल्या त्यांच्या घरात अंड्यालासुद्धा मज्जाव आहे, आणि वाढदिवसाचा केक बिनअंड्याचाच आहे हे दुकानदाराकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतल्याशिवाय त्याला सुरी लागत नाही.

मामांचं बालपण जुन्या नागपुरातल्या महाल या वस्तीतलं. घरात हातमाग होता, वडील-आजोबा विणकर. मामा मात्र शिकून बँकेत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले, पण वस्तू पारखायची घराण्याची खोड त्यांच्या बोटांतून गेली नाही. मामांबरोबर खरेदीला जाणं म्हणजे दिवसाची सुट्टी टाकणं. छत्री घ्यायची तर ती दुकानाबाहेरच्या नळाखाली उघडून धरणार. माठ घ्यायचा तर कुंभाराच्या सगळ्या माठांवर टिचक्या मारून, कान लावून, शेवटी पहिलाच माठ घेणार. आमच्या लग्नानंतर मला प्रवासाची बॅग घ्यायची होती, तेव्हा ते इतवारीतल्या दुकानात स्वतः त्या बॅगेवर बसले, मला बसवलं आणि मग दुकानदारालाही बसायला लावलं. तो बिचारा अवघडून बसला, तर मामा म्हणाले, "आरामात बसा ना भाऊ, तुमचीच बॅग हाये. तुमालेच भरोसा नाई तं आमी काहून घ्यावं?" ती बॅग अजून टिकून आहे, हे मात्र मान्य करायला हवं.

अशा माणसाला मुलीच्या लग्नात काहीच पारखायला मिळालं नाही. मंजू ही मामांची एकुलती एक मुलगी. शिकायला म्हणून कॅनडात गेली, तिथल्याच एका मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि झाल्यावर फोन करून सांगितलं. मामा ओरडले नाहीत, आदळआपट केली नाही. "बरं," म्हणाले आणि फोन मामींच्या हातात दिला. दिला तो दिलाच. त्यानंतर कितीतरी वर्षं दर रविवारी सकाळी मंजूचा व्हिडिओ कॉल यायचा, मामी बोलायच्या, आणि मामा समोरच्या खुर्चीत पेपर धरून बसायचे. "बाबा काय करून राहिले?" मंजू विचारायची. "पेपर वाचून राहिले वं," मामी सांगायच्या. तो पेपर पुष्कळदा आदल्या दिवशीचा असायचा. राग केव्हाच निवला होता, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. अडचण वेगळीच होती. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, हे मामांना ठरत नव्हतं, आणि ज्या माणसाला छत्री निवडायला अर्धा दिवस लागतो त्याला हे वाक्य निवडायला उरलेलं आयुष्य पुरलं नसतं.

मग एका रविवारी कॉल आला तो थेट समुद्रावरच्या धक्क्यावरून. मंजूच्या नवऱ्याला, डॅनला, मासे पकडायचा नवा नाद लागला होता. कोणाची तरी जुनी काठी घेऊन तो उभा होता, गळाला भलाथोरला सॅमन लागला होता, आणि तो उंच धक्क्यावरून त्याला नुसत्या दोऱ्याने वर ओढत होता. पेपरच्या आडून मामा एकदम ओरडले, "अरे, दोऱ्यानं काहून उचलते हा! तुटन ना!" पुढच्या क्षणी दोरा तुटलाच. मामांनी पेपर टाकला, मामींच्या हातातून फोन घेतला आणि बँकेतल्या इंग्रजीत जावयाला सांगितलं, "डॅनराव, पिअर इज लाइक विहीर. यू नीड टोकरी." महालात असताना आसपासच्या विहिरींत पडलेल्या बादल्या काढायला मामांनाच बोलावणं यायचं, त्यामुळे खोल पाण्यातून जड वस्तू वर आणणं हा त्यांच्या अधिकारातला विषय होता. डॅनला टोकरी कळेना. तेव्हा पडद्याबाहेरून मंजूचा आवाज आला, "बास्केट." मामा डॅनरावांनाच म्हणाले, "येस. दॅट."

तिथून मामांनी डॅनरावांच्या सामानाचा कारभार ताब्यात घेतला. दर रविवारी डॅनराव तिकडच्या दुकानातून एकेक वस्तू फोनसमोर धरायचे आणि मामा चष्मा कपाळावर सरकवून ती पाहायचे. दोऱ्याचे नमुने त्यांनी पाकिटातून मागवून घेतले, बोटांत चोळले, दाताखाली धरले, आणि एकावर निकाल दिला, "हे सूत कच्चं हाये. तान पडला का गेलंच." रंगाच्या बाबतीत तर विचारूच नका. त्या धक्क्यावर सॅमनला गुलाबी आमिष आवडतं, असं डॅनराव म्हणाले. विणकराच्या मुलाला नुसतं गुलाबी म्हणून कसं भागेल? राणी, अबोली, कांदेरंगी, नेमकं कोणतं? डॅनरावांनी आमिष म्हणून गळाला लावायचा गुलाबी रंगाचा चकचकीत पत्र्याचा तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला. मामा म्हणाले, "अबोली." मागून मंजू म्हणाली, "अबोली नाही बाबा, कांदेरंगी आहे." मामांनी फोनच्या जरासं जवळ जाऊन सांगितलं, "डॅनराव, टेल हर, अबोली." तीन हातांवर उभ्या असलेल्या बायकोला डॅनरावांनी इमानेइतबारे ते सांगितलं. पुढे हीच वहिवाट पडली. धक्क्यावर वारा असतो, तिला कानटोपी घालायला सांगा, ती वाळली आहे, तिला विचारा जेवते की नाही, सगळं डॅनरावांमार्फत. तो देवमाणूस मुकाट्याने दोन्हीकडचे निरोप पोचवत राहिला.

मामा सगळ्यात हरखले ते गळावर. डॅनरावांच्या गावात नियम असा की गळाच्या टोकाला उलटा काटा नको. उलटा काटा असला की मासा अडकतो तो अडकतोच, सुटताना फाटतो. तो नसला की माशाला सोडायचं झाल्यास अलगद सोडता येतं. मात्र अशा गळाला एक पथ्य आहे, दोरा सतत ताणलेला हवा. जरा ढिला पडला की मासा आपणहून निसटतो. "हा पाह्य, शाकाहारी गळ!" मामांनी मामींना बोलावून दाखवला. "मंग तुमची मासोळी बी शाकाहारी हाये काय?" मामींनी विचारलं आणि त्या पोळ्या लाटायला निघून गेल्या. सॅमन अंडी घालायला समुद्रातून पुन्हा आपल्या जन्माच्या नदीत जातो, हेही मामांना डॅनरावांकडूनच कळलं. मग मला म्हणाले, "घरी चाल्ली तं जाऊ द्या ना तिले. अडवता काहून?"

"चला पप्पा, इकडे या, आपण मिळून पकडू," असं डॅनराव बरेच दिवस म्हणत होते. शेवटी मंजूने तिकिटं पाठवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी महालातली मारबतीची मिरवणूक पाहिल्याशिवाय निघणार नाही, एवढी एकच अट मामांनी घातली आणि तयारीला लागले. महालातल्या एका वेल्डरकडून लोखंडी कडं करून आणलं, त्याला स्वतः सुतळीची जाळी विणली, चार बाजूंनी दोर बांधले. ही टोकरी वरून पाण्यात सोडायची, माशाला तिच्यावर आणायचं आणि उचलायचं. आता याचा सराव करायला हवा, आणि सरावाला मासा हवा. मामांनी मला बोलावून घेतलं. "जावाईबापू, तुमी सामन."

जावई माणूस, नाही म्हणता येईना. मामा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत काठी घेऊन उभे, दोऱ्याच्या टोकाला लाल भोपळा बांधलेला, आणि तो भोपळा पोटाशी धरून मी खाली पार्किंगमध्ये स्कुटरींच्या मधून पळतोय. वरून सूचना चालू होत्या. "असे सरळ काहून चालून राहिले? सामन ऑफिसले जाते काय? जरा तडफडा!" मी तडफडलो. "आता बुडी मारा!" मी एका मोटारीमागे बसलो. त्याच वेळी टोकरी खाली आली ती बरोबर माझ्या डोक्यावरून खांद्यांपर्यंत उतरली आणि तिथेच रुतली. शेजारच्या काकू भाजी घेऊन येत होत्या, त्या घाबरून विचारू लागल्या, जावयांना काय झालं? मामींनी गॅलरीतूनच सांगितलं, "काई नाई वं, मासोळी झाले हायेत." त्यानंतर कड्याचा घेर बदलला, कडं मधोमध कापून त्याला बिजागऱ्या बसवल्या आणि ते बॅगेत मावू लागलं. बॅग अर्थातच बसून तपासलेली होती.

निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. मामी फलाटावर बॅगा राखत होत्या. मामांनी मला बाजूला घेतलं आणि इतक्या हळू आवाजात विचारलं, की मला वाकून ऐकावं लागलं. "जावाईबापू, एवढं सामान घेतलं. पन मंजू समोर आली तं मी काय बोलू? मले काईच सुचून नाई राहिलं." मी म्हटलं, "सामानाचंच बोला, मामा." त्यांनी मान हलवली. त्यांचं समाधान झालं नव्हतं, हे मला दिसत होतं, आणि मला फार वाईट वाटलं.

तिकडे पोचल्यावरही मामींच्या फोनवरून जे कळत होतं ते काही उत्साहाचं नव्हतं. विमानतळावर मंजू पाया पडली, मामांनी डोक्यावर हात ठेवला आणि डॅनरावांना विचारलं, बॅग नीट आली का. एका घरात राहूनही निरोप डॅनरावांकडूनच जात होते. मग एका सकाळी, आम्ही पोह्यांच्या बशा घेऊन बसलो असताना, मामींचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ होती. मामींच्या व्हिडिओ कॉलमध्ये नेहमी दिसतो तोच देखावा होता, पडदाभर अंगठा आणि वरच्या कोपऱ्यात थोडं आभाळ. ऐकू मात्र सगळं येत होतं. वारा, पक्ष्यांची कलकल, आणि मामी. "आमी धक्क्यावर हावो. डॅनराव कॉफी आनाले गेले. काठी मंजूच्या हातात देल्ली हाये. हे टोकरी घेऊन उभे हायेत. अवं... अवं लागली! मासोळी लागली!"

मग धावपळ, चरखी फिरल्याचा आवाज, आणि मामांची हाक, "डॅनराव! डॅनराव, टेल हर..." डॅनराव तिथे नव्हते. निरोप न्यायला कोणीच नव्हतं. आमच्या हिने घास तसाच हातात धरला. मामा पुन्हा एकदा "डॅन..." म्हणाले, थांबले, आणि मग तो आवाज आला, महालातल्या विहिरीवरून चार घरांपलीकडे जाईल असा. "मंजू! दोरा ढिला नको सोडू वं!"

"नाई सोडत, बाबा!" तीही ओरडली.

"वर वढू नको! चालत ये, चालत ये. घाबरू नको बेटा. मी टोकरी सोडून राहिलो. ये, माह्याकडे ये!"

यापुढचं आम्हाला नीट कळलं नाही, कारण मामी रडायला लागल्या होत्या आणि फोन त्यांनी बहुधा पदराला धरला होता. हीसुद्धा रडत होती. मागाहून कळलं की मासा वर आला, पण तो तिथल्या नियमाप्रमाणे सोडून द्यायच्या जातीचा निघाला. मामांनी दोन बोटांनी गळ काढला आणि त्याच टोकरीतून त्याला अलगद खाली पाण्यात उतरवलं. डॅनराव कॉफी घेऊन परतले तेव्हा धक्क्यावर मासा नव्हता, बापलेक ओल्या हातांनी एकमेकांजवळ उभे होते. "व्हेअर इज द फिश?" त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, "गॉन होम, डॅनराव."

दिवाळीच्या आधी दोघं परत आली. काठी, टोकरी, सगळं मंजूच्या घरी राहिलं. पुन्हा जाऊ तेव्हा कामी येईल, असं मामा म्हणतात, पण त्यांचे गुडघे आता जिना चढतानाही कुरकुरतात, आणि एवढा प्रवास पुन्हा होईल असं त्यांनाही मनातून वाटत नसावं. माझ्याशी ते हल्ली सामानाचं काही बोलत नाहीत. पार्किंगमधून जाताना मी उगाचच वर पाहतो, गॅलरी रिकामी असते, आणि खरं सांगायचं तर त्या भोपळ्याची मला आठवण येते. बरोबर आणलेला एक गळ तेवढा त्यांनी खुर्चीशेजारी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवलाय. रविवारी मंजूचा फोन आला की मामा तो काढून बोटांत फिरवत बसतात. डॅनराव मागून एखादं नवं आमिष दाखवतात, तर "लेटर, डॅनराव" म्हणून त्यांना गप्प करतात. तासभर बोलणं होतं. तिचं खाणं, इकडचं ऊन, शेजारच्या काकूंचं ऑपरेशन, सगळं सांगून संपतं. मग मंजू म्हणते, "ठेवते बाबा." आणि मामा म्हणतात, "थांब वं जरासं." बोलायला काहीच उरलेलं नसतं. ती तिकडे थांबते, हे इकडे थांबतात, आणि फोन कोणीच ठेवत नाही.