ग्रेहाउंड, पण मापात

"मापात पाहिजे," असं म्हणून बाई उजव्या हाताचा पंजा गुडघ्याच्या जरा वर आडवा धरायच्या. परक्याला यातून काही कळलं नसतं. आमच्या दवाखान्यात मात्र झाडूवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, की बाईंना कुत्रा हवा आहे आणि तो एवढ्याच उंचीचा हवा आहे.

मी तेव्हा नगरजवळच्या एका लहान दवाखान्यात कंपौंडर होतो आणि बाई बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. त्यांचे वडील भिंगारच्या छावणीत एका साहेबाचे ग्रेहाउंड सांभाळायचे. उंच, लांब पायांचे, वाऱ्याशी पैज लावणारे शिकारी कुत्रे. बाई त्यांच्यातच वाढल्या. "घरात भावंडं कमी आन् कुत्री जास्त," असं त्या अभिमानानं सांगत. पुढे वडील गेले, साहेबाची पलटण हलली, कुत्रीही गेली. हौस तेवढी मागे राहिली. पण बाईंची खोली चार पावलांत संपायची आणि लढाईमुळे धान्य रेशनवर. "ग्रेहाउंड ठिवला तर एक तर तो जेवंल, न्हाईतर मी." म्हणून दिसेल त्याला त्या विचारायच्या, "ग्रेहाउंडच, पन लहान असतो का हो?"

श्रीगोंद्याकडच्या एका शेतकऱ्याच्या सुनेला बाईंनी अवघड बाळंतपणातून सोडवलं होतं. त्यानं मोठ्या मायेनं एक पिल्लू आणून दिलं. "वाढनार न्हाई बाई, माज्यावर सोडा." सहा महिन्यांत ते वासराएवढं झालं. बाई स्वतः त्याला गावी पोचवून आल्या. "जनावर गुनी हाय," त्या शेतकऱ्याला म्हणाल्या, "पन तुमचं न्हाई ऐकलं त्यानं."

इंग्रज निघाले त्या वर्षी छावणीतल्या एका खानसाम्याचा निरोप आला, की एका मडमेकडे तशी कुत्री आहे. मला थोडं इंग्रजी यायचं, म्हणून बाईंनी मला सोबत घेतलं.

व्हरांड्यात बांधलेल्या पेट्या आणि त्यांच्या मधोमध ती कुत्री उभी. तीच कमानदार पाठ, तीच निमुळती मान, तेच पाय. हुबेहूब ग्रेहाउंड, फक्त गुडघ्याच्या जरा वर. एवढ्या बोलक्या बाई, पायरीवरच थबकल्या.

मडम म्हणाली, ही व्हिपेट, ग्रेहाउंडसारखीच पण लहान जात. बोटीवर नेता येत नाही. उद्या सकाळी जनावरांचा डॉक्टर येऊन सुई देईल आणि ती शांतपणे मरेल. इथे कुणाच्या हाती सोडून तिचे हाल करण्यापेक्षा ते बरं.

मी ते जमेल तेवढं मऊ करून सांगितलं. तरी बाईंना कळायचं ते कळलं.

"तिला सांगा," त्या म्हणाल्या, "माजा बाप तुमची कुत्री जेवल्याबिगर कदी जेवला न्हाई. हाल आमचे झाले, कुत्र्यांचे न्हाई."

मी भीत भीत मडमेला म्हणालो, की बाईंच्या वडिलांना कुत्र्यांची सवय होती.

"कंपौंडर, एवढंच बोलले का मी? नीट सांगा."

मी नीट सांगितलं. बाई मडमेच्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत. कुत्री पुढचा एक पाय टेकताना किंचित कचरत होती. ते ना मडमेला दिसलं होतं, ना मला. बाई खाली बसल्या. हाक नाही, चुचकारणं नाही, नुसत्या बसून राहिल्या. कुत्री आपणहून आली. बाईंनी तिचा पंजा मांडीवर घेतला, बोटं फाकवली आणि आत रुतलेलं कुसळ नखांनी अलगद ओढून काढलं. कुत्रीनं हूं की चूं केलं नाही. बाईंच्या खांद्यावर मान टाकून ती उभी राहिली.

मडमेनं तोंड फिरवलं. ती आत गेली, ती कुत्रीचा पट्टा आणि लोकरीचा अंगरखा घेऊनच आली. मग तिनं स्वतः खुर्ची ओढून बाईंपुढे ठेवली आणि कुत्रीला काय खायला घालायचं ते सांगत बसली. छावणीतल्या व्हरांड्यात आमच्यातल्या बाईला खुर्ची मिळालेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

कुत्रीचं नाव होतं डेझी. वॉर्डातल्या बायकांनी आठवड्याभरात तिची 'देशी' केली. तिच्या बरगड्या पाहून रोज कुणीतरी विचारायचं, "बाई, हिला पोटाला घालत न्हाई व्हय?"

"ती तशीच असती. तालमीतली हाय."

संध्याकाळी मागच्या माळावर बाई तिला मोकळी सोडायच्या. तुम्ही ते पाहायला हवं होतं. करड्या रंगाची एक रेघ माळावरून निघून जायची, एवढंच डोळ्यांना कळायचं. डॉक्टरसुद्धा खिडकीशी यायचे. बाई हाताची घडी घालून उभ्या असायच्या, जणू पळणं त्यांनीच शिकवलंय.

दोन वर्षांनी बाईंची पाथर्डीकडे बदली झाली. त्यांची ट्रंक मी बैलगाडीत चढवली. देशीलाही वर घ्या म्हटलं, तर म्हणाल्या, "बसायला जन्मली न्हाई ती."

त्यानंतर बाई मला कधी भेटल्या नाहीत. डोळ्यांसमोर आहे तो रस्ता. देशी बैलांच्या पुढे सुटली, पार वळणापर्यंत गेली, तिथून माघारी आली, गाडीला वळसा घालून पुन्हा सुटली. गाडीवान बैल हाकायचा विसरला होता. आणि बाई ताठ बसून, समोरून बाजाराला येणाऱ्या प्रत्येकाला हात करून थांबवत होत्या आणि पुढे बोट दाखवत होत्या.