राखलेला माळ

मी सोलापुरात भूगोल शिकवते. नववीच्या वर्गात जगातल्या नैसर्गिक प्रदेशांचा धडा आला की मला चेव चढतो. विषुववृत्तावर बारमाही पाऊस, म्हणून तिथे सूर्य दिसू नये इतकं दाट जंगल. पाऊस चारच महिने आला की झाडं विरळ आणि गवत उंच. तोही आटला की वाळवंट. थंडी वाढत गेली की सूचिपर्णी झाडं, आणि त्याच्याही वर टुंड्रा, जिथे झाड उभंच राहत नाही. मग खडू खाली ठेवून मी एक वाक्य दरवर्षी ठासून सांगते, की कुठं काय उगवायचं हे माणूस ठरवत नाही, ऊन आणि पाऊस ठरवतात. मुलं ते वहीत लाल शाईने लिहून घेतात. मी स्वतः मात्र ते कधी मनावर घेतलं नाही, आणि त्यापायी माझ्या सख्ख्या भावाची मेंढरं गेली.

आमचं गाव सांगोला तालुक्यातलं, कोरड्या बाजूचं. घर मेंढपाळाचं. आम्ही दोघंच भावंडं. आण्णा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. चौथीनंतर त्याची शाळा सुटली, कारण मेंढरांमागे कुणीतरी जायला हवं होतं. मी मात्र शिकत राहिले. त्याने सोडली म्हणूनच मला मिळाली, हे मला लहानपणीही कळत होतं आणि मी ते कधी बोलून दाखवलं नाही. डी.एड. झालं, बी.एड. झालं, शहरात नोकरी लागली. मी गावी गेले की आण्णा माझी पिशवी हातातून काढून घ्यायचा आणि पारावर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, "शाळंला किती दिस सुट्टी हाय?"

गावाच्या वरच्या अंगाला मोठं गायरान आहे. आम्ही त्याला वरचा माळ म्हणतो. मुरमाड जमीन, खाली हातभर खणलं की दगड. पश्चिमेकडून येणारे ढग घाटावरच रिकामे होतात, आमच्याकडे पोचतो तो उरलासुरला पाऊस. तेवढ्यावर तिथे गवत येतं. मारवेल, पवन्या आणि ती मेली कुसळी, जिची कुसळं परकरातून आत शिरून मांडीला टोचायची. त्या माळाची एक रीत होती. आषाढ लागला की वरचा माळ राखायचा. दसऱ्यापर्यंत तिकडे एक मेंढरू फिरकू द्यायचं नाही. तोवर कळप खालच्या ओढ्याकाठी, बांधाबांधाने चारायचा. गवत वाढू द्यायचं, निसवून तुरे येऊ द्यायचे, बी खाली पडू द्यायचं. दसऱ्याच्या सुमाराला आण्णा एकटा वर जायचा, गवताचा तुरा तळहातावर चोळून बघायचा. बी झडलेलं असलं तरच दुसऱ्या दिवशी मेंढरं माळावर चढायची. मग पुढे उन्हाळ्यापर्यंत ते वाळलेलं गवत त्यांना पुरायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. गावातले पाच-सहा मेंढपाळ ते पाळायचे आणि कुणी मोडलं तर त्याच्याशी बोलायचे नाहीत.

ही रीत मला चांगली ठाऊक होती. तरीही मी जे केलं ते केलं.

आमच्या शाळेने एका वर्षी वृक्षारोपणाचं मनावर घेतलं. शहरात जागा नव्हती. मुख्याध्यापकांनी विचारलं, कुणाच्या ओळखीत मोकळी जमीन आहे का? मी लगेच हात वर केला. आषाढ चालू होता, वरचा माळ राखलेला होता, म्हणजे तिथे त्या दिवसांत ना माणूस ना मेंढरू. यापेक्षा मोकळी जागा कुठली? माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की माळ म्हणजे बिघडलेलं जंगल. कधीकाळी तिथे झाडं असणार, लोकांनी तोडली असणार, आता आपण शहाण्या माणसांनी ती परत लावायची. आफ्रिकेतलं गवत मी मुलांना रंगीत चित्रं दाखवून शिकवत होते. त्याला सॅव्हाना असं भारदस्त नाव होतं. माझ्या घरामागचं गवत मात्र मला ओसाड वाटत होतं. शिकलेल्या माणसाचा माज असाही असतो.

दोन बसगाड्या भरून साठ मुलं आली. रोपं गिरिपुष्पाची होती. ती मीच निवडली होती, कारण त्या झाडाला शेळ्यामेंढ्या तोंड लावत नाहीत. मेंढपाळाच्या पोरीने मेंढरांना न चालणारं झाड शोधून काढलं, आणि तेव्हा मला त्यात हुशारी वाटली. सरपंच आले, तलाठी आले. ज्यांची मेंढरं त्या माळावर जायची त्यांच्यातर्फे आण्णाला पुढे बोलावलं. सरपंचांनी विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

आण्णाने राखलेल्या गवताकडे बघितलं. ते घोट्याच्या वर आलं होतं आणि मुलं त्यावर बसून डबे खात होती. मग त्याने माझ्याकडे बघितलं. "बाई, तुमी सांगाल तसं," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो मला तुम्ही म्हणाला. मला त्याचा अभिमान वाटला.

खड्डे घेतले, चर खणले, रोपं लावली. तारेचं कुंपण झालं. फाटकावर पाटी हवी होती, ती मुलांच्या आग्रहावरून माझ्याच वळणदार अक्षरात रंगवली, 'चराईस सक्त मनाई'. वर्तमानपत्रात फोटो आला. तो कापून शाळेच्या सूचनाफलकावर लावला, आणि मी येता-जाता तो बघायची.

अशी लावलेली झाडं पहिल्याच उन्हाळ्यात जळून जातात. आमची जळाली नाहीत, कारण आण्णाने त्यांना पाणी घातलं. दोन उन्हाळे तो ओढ्यातल्या डबक्यातून घागरी भरून खांद्यावर वर न्यायचा. मी सुट्टीत गेले की मला अभिमानाने दाखवायचा, "ही बग, समदी हिरवी हायती." मी शाळेत सांगायची की खेड्यातल्या माणसाला एकदा समजावून दिलं की तो किती मनापासून करतो. हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

झाडं वाढली, त्यांची सावली पडली, पाला साचला आणि खालचं गवत गेलं. ते ऊन पिऊन जगणारं गवत. त्याला सावलीत बसायची सवय नव्हती. मारवेल आधी गेली, मग पवन्या. माळावर गाणारे चंडोल पक्षी उडायचे थांबले. कुंपण झाल्यापासून आतलं गवत कापून मेंढरांपुढे टाकत होते; तेही संपलं तेव्हा आण्णाची सव्वाशे मेंढरं दसऱ्यानंतर कुठे न्यायची हा प्रश्न उभा राहिला. पहिल्या वर्षी तो मंगळवेढ्याच्या बाजूला गेला, पुढच्या वर्षी आणखी लांब, कर्नाटकात. लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि तिथून हाकललं की पुढे निघायचं. एका दिवाळीला तो घरी नव्हता. वहिनी म्हणाली, "कोकरं वाटंतच मरायलीत. कुणाला सांगू नगा म्हणलेत." मी म्हणाले, पाऊस कमी झालाय, दुसरं काय. माझी तीच समजूत होती, की दोष पावसाचा आहे.

पुढच्या वर्षी त्याने सगळा कळप सांगोल्याच्या बाजारात नेऊन विकला.  मग सोलापुरात आला आणि नवी पेठेतल्या एका कापडाच्या दुकानाबाहेर वॉचमनचा निळा शर्ट घालून बसायला लागला. ही नोकरीही मीच बघून दिली. लोक म्हणाले, बहिणीने भावासाठी बरं केलं.

गेल्या पावसाळ्यात मी वर्गाला एक उपक्रम दिला होता. वर्तमानपत्रातून सोलापूरचा महिनावार सरासरी पाऊस उतरवायचा आणि त्याचा स्तंभालेख काढायचा. एक मुलगी, घरी तेलुगू बोलणारी, आईवडील चादरीच्या कारखान्यात, आपला कागद घेऊन फळ्याजवळ आली. फळ्यावर मी दरवर्षीप्रमाणे सॅव्हानाचा आलेख काढला होता. चार महिने उंच खांब, आठ महिने जवळजवळ काहीच नाही. तिने आपला कागद शेजारी धरला. "बाई," ती म्हणाली, "हे तर आपलंच आहे की."

वर्ग हसला. मी हसले नाही. दोन्ही आलेख शेजारी-शेजारी होते आणि त्यातून पळून जायला जागा नव्हती. माळ बिघडलेला नव्हता. तो जसा असायला हवा तसाच होता. एवढ्या पावसात, एवढ्या उन्हात, तसल्या मुरमावर जे उगवायचं तेच तिथे उगवत होतं, आणि आमच्या माणसांनी ते दरवर्षी पावसाळाभर राखून जिवंत ठेवलं होतं. मी वीस वर्षं जे ठासून सांगत आले, ते मला त्या मुलीने सांगितलं. तास संपायला दहा मिनिटं होती. मी मुलांना वाचत बसा म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

शाळा सुटल्यावर तडक नवी पेठेत गेले. आण्णा दुकानासमोर लावलेल्या गाड्या सरळ करत होता. मला बघून त्याने आपलं स्टूल पुढे केलं.

"आण्णा, वरचा माळ मी मारला," मी म्हणाले. "ती झाडं तिथं लावायचीच नव्हती. मला आज कळलं."

"हळू बोल, गिऱ्हाईक हाय," तो म्हणाला.

मी पिशवीतून त्या मुलीचा कागद काढला आणि त्याला खांब दाखवून समजावू लागले. त्याने तो बघितल्यासारखं केलं आणि माझ्या हातात परत दिला.

"येवढ्याला कागुद कशाला लागतुया? चार म्हयन्याचा पाऊस. झाड कितीक दिस तग धरंल? गवताचं तसं न्हाय. ते वरनं वाळतं, खाली जितं ऱ्हातं."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"व्हय की."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच. रागाला दुसरं कुणी सापडत नव्हतं, म्हणून मी त्याच्यावर चिडले.

"साठ पोरं हुती तुज्या मागं. समदी बाई बाई करत हुती. त्यांच्यापुढं म्या अडाण्यानं म्हणायचं व्हय, की तुमच्या बाईला कळत न्हाय म्हून?"

मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. "आणि पाणी? दोन उन्हाळे पाणी कशाला घातलंस? जळू द्यायची होतीस ना. गवत तरी वाचलं असतं."

त्याने माझ्याकडे बघितलं, लहानपणी मी पडले की बघायचा तसं.

"तू लावल्याली हुती," आण्णा म्हणाला. "जळली आस्ती तर तू रडली आस्तीस."