आमच्या व्याह्यांची भिंगं

आमच्या व्याह्यांसारखा कॅमेरावाला उभ्या हिंगोली जिल्ह्यात झाला नाही आणि होणार नाही, हे मी कधीच लिहून टाकायला हवं होतं. बरीच वर्षं टाळलं. लोकांना वाटतं, म्हातारा आळशी आहे. तसं नाही. गुरांच्या दवाखान्यातली नोकरी संपल्यापासून माझ्याकडे वेळच वेळ आहे. पण व्याह्यांची गोष्ट सांगायला घेतली की ती एका जळलेल्या गंजीपाशी येऊन थांबते, आणि तिथून पुढे जायचं तर मला माझं नाव घ्यावं लागतं. आज ते घ्यायचं ठरवलं आहे. आधी मात्र माणूस नीट पाहून घ्या, कारण तो पाहण्यासारखा आहे.

माझी लेक साखऱ्याला दिली आहे. व्याही, म्हणजे आमच्या बोलीत इवाई, तिथले मेंढरंवाले. साठी ओलांडेपर्यंत त्यांच्या हातात काठीशिवाय दुसरं काही नव्हतं. जावयानं लग्नं शूट करायला एक मिररलेस कॅमेरा घेतला, दोन लग्नं केली, तेवढ्यात पुण्याला नोकरी लागली, लेक साखऱ्यालाच राहिली आणि कॅमेरा घरात खुंटीला लटकला. त्याची मूळची लेन्स एका बोकडानं ओट्यावरून खाली पाडली. दुसरा कोणी असता तर नवी लेन्स आणली असती. व्याह्यांनी वारंगा फाट्यावरच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून बिस्किटाच्या डब्यात भरून जुन्या लेन्स आणल्या. जड, लोखंडासारख्या, आमच्या पिढीनं लग्नात ज्यांच्यासमोर श्वास रोखून फोटो काढून घेतले तसल्या. व्याही त्यांना भिंगं म्हणतात. नव्या कॅमेऱ्याला जुनं भिंग थेट बसत नाही, मध्ये धातूचं एक कडं लागतं. तेही मागवलं. तरी कॅमेरा ऐकेना. पडद्यावर एकच हेका, की लेन्स लावलेलीच नाही. जावयाला फोनवर विचारून विचारून त्यांनी ती खोड मोडली आणि मला म्हणाले, "यंत्राला वळख पटत न्हाई, पाव्हणं. म्हणतं भिंगच न्हाई. म्या म्हणलं, तू डोळे झाकून चाल, पुढचं मी बघतो."

जुन्या भिंगाला स्वतःहून फोकस करता येत नाही, त्याच्या अंगावरची रिंग हातानं फिरवावी लागते. व्याही ती इतक्या सावकाश फिरवतात की समोरचा माणूस तेवढ्या वेळात आपलं सगळं आयुष्य आठवून घेतो. पुसेगावला माझ्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाला तीनदा हार घालायला लावला. पहिल्यांदा नवरी धूसर आली, दुसऱ्यांदा नवरदेव, आणि तिसऱ्यांदा दोघंही लख्ख आली तर हाराचीच फुलं झडलेली. मुहूर्त टळून राहिला म्हणून भटजी ओरडले, तेव्हा यांनी शांतपणे सांगितलं की मुहूर्त पंचांगात छापलेला आहे, तो कुठं जात नाही. उजेड मात्र चालला. पाठवणीच्या वेळी तर नवरीची आई हंबरडा फोडणार एवढ्यात हे हात जोडून पुढे झाले. "विहीणबाई, जरा लिंबाखाली येऊन रडा. इथल्या उन्हात डोळ्यातलं पाणी दिसंना." ती बाई रडायची थांबली. आधी रागानं बघितलं, मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती जी रडली, तसं रडणं मी दुसऱ्या कुठल्या लग्नाच्या व्हिडिओत पाहिलेलं नाही. तिच्या मागं त्या जुन्या भिंगानं लिंबाच्या पानांतल्या उन्हाचे गोल गोल ठिपके करून ठेवले होते. जणू टाकलेल्या अक्षता हवेतच थांबल्या. त्या घरी अजून पाहुणा आला की जेवणाआधी तेवढं दाखवतात.

एडिटिंग ही आणखी वेगळी तऱ्हा. माझ्या लेकीनं त्यांना कॉम्प्युटरवर नकोसा भाग कसा कापायचा ते शिकवलं. शिकले चटकन, कापलं मात्र कधी नाही. त्यांची पहिली फिल्म म्हणजे एक कळप रस्ता ओलांडतो, पहिल्या मेंढ्यापासून शेवटच्या लंगड्या मेंढीपर्यंत, चांगला अर्धा तास. मी सुचवलं, मधलं थोडं काढा, लोक कंटाळतील. एखादी मेंढी लांडग्याला देऊन टाका असं मी म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मधलं काढल्यावर कळप भरंल का बराबर? जेवढी गेली तेवढी आली पायजेत, पाव्हणं." पुढं लग्नाच्या व्हिडिओंनाही हाच कायदा. पंगतीतला एकही जेवणारा त्यांनी आजवर गाळलेला नाही. एका लग्नात एक म्हातारा द्रोणातलं वरण निवायची वाट बघत नुसता बसलेला आहे. तो अख्खा आहे, वरण निवेपर्यंत.

आता उन्हाकडं यावं लागतं. काही जुनी भिंगं वर्षानुवर्षं अंधाऱ्या कपाटात राहिली की आतून पिवळी पडतात, आणि उन्हात ठेवली की पुन्हा निवळतात. डब्यातलं सगळ्यात मोठं आणि लाडकं भिंग असंच हळदीच्या पाण्यासारखं झालं होतं. ऊन ही साखऱ्याला कधी मागून आणावी लागणारी वस्तू नव्हे. उन्हाळ्यात व्याह्यांनी ते भिंग गच्चीवर त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या विहीणबाईंच्या, कुरडयांच्या रांगेत, चंदेरी कागदावर, मागचं झाकण लावून ठेवायला सुरुवात केली. संध्याकाळी कुरडयांबरोबर भिंगही खाली यायचं. विहीणबाई म्हणायच्या, हे एकदा तळून बघते. झाकण कोणी काढायचं नाही, उघडं भिंग उन्हात म्हणजे निखारा, हे व्याह्यांनी घरात सगळ्यांना बजावलं होतं. मलाही बजावलं होतं.

मी लेकीकडं गेलो होतो. दुपारी सगळे लवंडले होते. व्याही त्या भिंगाला कोणाला हात लावू देत नसत, आणि नेमकं म्हणूनच मला ते एकदा डोळ्यासमोर धरून बघायचं होतं. वर गेलो. गच्चीच्या कोपऱ्यात मोडक्या छत्रीखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी तीन पायांवर उभं होतं; मला वाटलं, कावळे हाकलायला बुजगावणं केलं असेल. भिंग उचललं, झाकण काढलं, हात लांब करून बघितलं तर साखरा उलटा. घरं आभाळात लटकलेली, लिंब डोक्यावर उभा. मोठी मजा वाटली. तेवढ्यात खालून लेकीची हाक आली की दादा, चहा झाला. कठड्याला लागून शेजारच्या कडब्याची गंजी होती, तिचा माथा कठड्याच्या बरोबरीला. कठड्याच्या दगडावरून भिंग गडगडेल, फुटेल, म्हणून मी ते कडब्यावर अलगद ठेवलं. मऊ जागा बघून ठेवलं. चहा अर्धाही झाला नव्हता, तोच बाहेर आरडाओरडा सुरू झाला.

माणसं, जनावरं सुखरूप राहिली. कडबा सगळा गेला. राखेत तडकलेलं भिंग सापडलं. गंजी व्याह्यांच्या मोठ्या चुलतभावाची. त्यांना सगळं गाव थोरले म्हणतं. त्यांनी एकच विचारलं, याचं झाकण कोणी काढलं? व्याही भिंगाकडं बघत म्हणाले, "म्याच काढलं असंल. सकाळी कठड्यावर बसून पुसलं, लावायचं राहिलं, तिथून कडब्यावर गडगडलं असंल." त्यांना खरोखर तसं वाटत होतं. मी तिथंच रिकामी बादली घेऊन उभा होतो. तोंड उघडलं नाही. सुनेच्या बापानं गंजी जाळली असं झालं तर लेकीला जन्मभर ऐकावं लागेल, असं मी मनाशी म्हटलं. ते खरं होतं. त्याच्या खाली नुसती भीती होती, हेही खरं होतं.

व्याह्यांनी आपली गंजी थोरल्यांना दिली आणि स्वतःची मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी लांब लांब फिरले. थोरल्यांनी कॅमेरा आणि सगळी भिंगं एका पेटीत घातली, कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. गावानं व्याह्यांचं नाव आगलाव्या ठेवलं. गावच्या फाट्यावर चहाला बसले की कोणीतरी बिडी पुढं करायचं. "मामा, तेवढी भिंगानं पेटवून द्या ना." व्याही सगळ्यांबरोबर हसायचे. मग त्यांनी फाट्यावर जाणंच सोडलं. हे मला लेकीकडून कळायचं आणि मी फोनवर दुसरंच काहीतरी विचारायचो.

दोन उन्हाळे असे गेले. मग एका सकाळी थोरले आपणहून आले. मी त्या दिवशी साखऱ्यालाच होतो. मुलं शहरात, पाय थकलेले; त्यांनी मेंढरं विकायचं ठरवलं होतं. बाजेवर किल्ली ठेवून ते म्हणाले, "सोमवारी कळप जाऊन राहिला. त्याच्या आदी एकडाव तुझ्या कॅमेऱ्यात घे. सगळी घे. एक बी सोडू नको."

व्याही म्हणाले, "म्या सोडतो का कधी?"

दोन वर्षांत गेलेलं तेज त्या माणसाच्या अंगात एका क्षणात परत आलं. पहाटेपासून रानात, धुळीत, पोटावर पडून. उरलेल्या भिंगांतलं एक असं होतं की समोरून सूर्य आला की चित्रावर दुधासारखा उजेड सांडायचा; जाणकार त्याला दोष म्हणतात, व्याह्यांनी तो सकाळच्या धुळीला दिला आणि थोरल्यांची मळकी मेंढरं सोन्याची झाली. चित्रीकरण झालं तसं त्यांना आठवलं की थोरल्यांचा कळप जुन्या दिवसात झाडाखाली बसलेला आपल्याकडं आहे. गंजी जळाली त्या दिवशी गच्चीवरून दिवसभर थोड्या थोड्या वेळानं एकेक चित्र आपोआप घेतलं जात होतं. मी ज्याला बुजगावणं समजलो तो कॅमेरा होता. त्याच दिवशी तो पेटीत गेला, त्यामुळं ती चित्रं कोणीच बघितली नव्हती. व्याह्यांनी मला हौसेनं शेजारी बसवलं. म्हणाले, अख्खं ऊन एका मिनिटात पळतं, बघा गंमत.

ऊन पळालं. सावल्या आखडल्या. लिंबाखाली थोरल्यांचा कळप पसरला. आणि पडद्यावर मी आलो. खोडकर म्हाताऱ्यासारखा इकडं तिकडं बघत वाकलो, भिंग उचललं, झाकण काढलं, ते कडब्यावर ठेवलं आणि नाहीसा झालो. पाठोपाठ धूर.

व्याह्यांनी ते मागं नेऊन पुन्हा एकदा बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही. मग त्यांचा हात हलला. एक काप माझ्या आधी, एक माझ्यानंतर, आणि मधला मी गेलो. कॉम्प्युटरच्या कचऱ्यातूनही काढून टाकला. झाडाखालची मेंढरंही तेवढ्या वेळापुरती माझ्याबरोबर गेली.

"हे कामाचं न्हाई," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "सूनबाईला चहा टाकाय सांगा."

कळप गेल्यावर थोरल्यांच्या रिकाम्या मेंढवाड्याच्या भिंतीला पांढरं कापड लावून दिवेलागणीनंतर फिल्म दाखवली. साखरा सगळा आला, पुसेगावची माणसं आली, बिडीवालेही आले. सुरुवातीला टिंगल चालली होती. शेवटी कळप वाड्याच्या फाटकातून बाहेर पडू लागला, एकामागून एक, कुठंही न कापता, सोनेरी धुळीतून. तेव्हा थोरले उठून उभे राहिले आणि रोज संध्याकाळी मोजत तसे विसाविसानं मोजू लागले. मग म्हातारे मोजू लागले. मग बायका, लेकरं. सगळं गाव एका सुरात पडद्यावरची मेंढरं मोजत होतं आणि व्याही मागं उभे राहून ओठ हलवत होते. शेवटची मेंढी बाहेर आली. थोरल्यांचा आवाज फुटला होता.

"भरली. बराबर भरली."

त्या शिट्ट्या, त्या टाळ्या मी अजून ऐकतो. थोरल्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा पटका काढून व्याह्यांना बांधला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की इथून पुढं कोणाला बिडी पेटवायची असंल त्यानं माझ्याकडं यावं. मंडळी हसली, पण एकाचीही मान वर नव्हती. मग पाव्हण्यांनी दोन शब्द बोलावेत असं ठरलं. मी गंजीचं खरं बोलायलाच उठलो होतो, शपथेवर सांगतो. उठून मी कलेविषयी बोललो, साखऱ्याचं नाव निघेल असं बोललो. समोर व्याही रिंग फिरवत होते आणि मला जरा उजेडात सरकायला सांगत होते.

आज त्यांना वारंगा फाट्यापर्यंत मागणी आहे. नवरीकडची माणसं मांडवाची जागा आधी लिंब बघून ठरवतात. सगळं छान आहे. तरी गावच्या फाट्यावर एखादा जुना माणूस अजून सांगतो की हे तेच, ज्यांनी भावाची गंजी जाळली होती. म्हणून मी लेकीला सगळं सांगितलं आणि लिहिणार म्हटलं. ती म्हणाली, "मामांनी कापलेलं तुमी काहून जोडून राहिले, दादा?" तिचं बरोबर असेल. पण तो माणूस आपल्या फिल्ममधून एक मेंढी गाळत नाही, आणि त्यानं माझ्यासाठी गाळली.

मागच्या खेपेला त्यांनी मला मोटारसायकलवरून पुसेगावच्या स्टँडवर सोडलं. वाटेत, त्यांचं तोंड दिसत नाही एवढ्या धीरावर, मी त्यांच्या पाठीला सगळं सांगितलं. त्यांनी गाडी हळू केली आणि मान वळवून विचारलं, काय म्हणलं? मी म्हटलं, खड्डा आहे, जपून. स्टँडवर एसटी लागलेलीच होती. त्यांनी माझी पिशवी आत ठेवली, खिडकीशी उभे राहिले आणि एसटी सुटेपर्यंत हलले नाहीत. मी पाऊसपाण्याचं बोललो. बोलायचं होतं ते एवढंच: इवाई, ती गंजी माझ्या हातून पेटली, आणि तुमचं नाव जळत असताना मी बादली घेऊन नुसता उभा राहिलो. मला माफ करा.