अस्वलीण आणि आठ क्लचवायरी

"आठ क्लचवायरी द्या अक्का. वरची नळी नको, नुसती आतली तार."

"गाडी कुठली?"

"कुठलीपण चालेल."

पाना-अक्काचा हात खोक्यातच थांबला. गॅरेज टाकल्यापासून तिनं नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती, पण कुठल्याही गाडीची क्लचवायर मागणारा हा पहिलाच. दर गाडीची लांबी वेगळी. आणि याच्यामागे दारात साधी सायकलसुद्धा नव्हती.

गाडीला न लावता ही तार एकाच कामाला येते, फास करायला. जनावर अडकलं की जितकं ओढेल तितकी मांसात रुतते.

मागच्या डोंगरावर अस्वलीण होती, दोन पिल्लांची आई. अक्काची भाची वनरक्षक. तिच्या मोबाईलमध्ये नवऱ्याचे फोटो कमी, अस्वलिणीचे जास्त. अक्कानंही एकदा ती बघितली होती, दोन्ही पिल्लं पाठीवर घेऊन रस्ता ओलांडताना. तेव्हापासून येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायची, "भर रस्त्यात ट्रिपल सीट! आहे का कुणाची टाप पावती फाडायची?"

खाणवाल्यांचा त्या डोंगरावर डोळा होता. उद्या सरकारी पाहणी होती. अस्वल दिसलं तर डोंगर वाचणार, नाही दिसलं तर सुरुंग लागणार.

अक्कानं चेहरा कोरा ठेवला. खोक्यातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या आठही वायरी देऊन टाकल्या. माणूस डोंगराच्या वाटेला लागताच तिनं फोन उचलला.

भाची धापा टाकत आली. ऑफिसची जीप साहेबांना आणायला गेलेली.

"मावशी, दिल्यासच कशाला त्याला?"

"मी नसत्या दिल्या तर दुसरीकडून घेतल्या असत्या, आणि तू बसली असतीस फोटो बघत! चल, बस मागे."

दुकानात चालू गाडी एकच, दूधवाल्याची. तिचीच क्लचवायर तुटलेली.

"अगं, हिला क्लच कुठाय?"

"त्यानं नेला. अहो, ढकला!"

अक्काचा नवरा पंक्चरची ट्यूब टाकून धावला. गाडीनं वेग घेताच अक्कानं लाथेनं गिअर हाणला आणि गाडी उधळलेल्या खोंडासारखी सुटली. भाजीवाल्यानं हातगाडी ओढली, शिंपी मशीन सोडून दारात आला.

"अक्का, ब्रेक!"

"ब्रेक आहे रे, क्लच नाही! बाजूला हो!"

ओढ्यापाशी तो माणूस वाकून तार बांधत होता. अक्कानं ब्रेक दाबला, इंजिनानं आचका दिला आणि दोघी गाडीसकट झुडपात गेल्या. भाची मात्र काट्यांतून उठली ती थेट त्याची कॉलर धरूनच.

"मी नोकर माणूस, ताई. खाणीच्या मुकादमानं पाठवलं."

वाटेवरचे फास सोडवले, खिशातल्या तारा काढून घेतल्या. सात झाल्या.

"आठवी कुठाय?" अक्कानं विचारलं.

तो कॉलर सोडवून घ्यायला धडपडला.

"अरे बोल की, मुडद्या! पिल्लाची मान आवळली तर काय करशील?"

"गुहेच्या तोंडाशी. पहिली तिथंच लावली," तो पुटपुटला.

तेवढ्यात भाचीनं बोलावलेले वनचौकीवरचे दोघे पोचले. त्याला त्यांच्या ताब्यात देऊन दोघी वर चढल्या. गुहेतून घरघर ऐकू येत होती, जुन्या डिझेल इंजिनासारखी. भाची काठी घेऊन पुढं उभी राहिली.

"मावशी, लवकर."

"घाई करू नकोस, हात ग्रीसचे आहेत."

अक्का पोटावर सरकली. पक्कड लावली, दाबली. तार तुटेना. आतून पंजे घासल्याचा आवाज आला. पुन्हा दाबली. कट्! दोघी उतारावरून घसरत खाली आल्या आणि ओढ्यात पाय सोडून वेड्यासारख्या हसत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन वाजला.

"मावशी, दिसली! पाण्यावर आली होती! साहेब कागद पेन सगळं विसरून नुसते बघत बसले! खाणवाल्यांची गाडी आल्या पावली परत गेली!"

"पिल्लं?"

"पाठीवर!"

अक्कानं अशी काही आरोळी ठोकली, की नवऱ्याच्या हातातला पाना पाण्याच्या टबात पडला. दारात दूधवाला उभाच होता.

"ते सगळं खरं, पण माझी वायर?"

"पुरावा म्हणून सरकारजमा झाली. दुसरी मागवली आहे, येईल दुपारपर्यंत. तोवर बस त्या स्टुलावर."

आणि मास्तरणीबाईंची स्कूटर पुढ्यात ओढून ती प्लग खोलायला लागली.